घरच्या ट्रस्टवर बाहेरचा माणूस कशाला?

प्रश्न : आक्का, वडील वारले त्याला दोन वर्षं झाली. टिळकवाडीतला प्लॉट विकून आलेल्या पैशांतले 60 लाख त्यांच्या नावानं ट्रस्ट करून त्यात घालायचे आणि व्याजातून आमच्या भागातल्या मुलांच्या शिक्षणाला मदत करायची, असं आईनं ठरवलंय. आई आणि आम्ही तिघं भावंडं असे चार ट्रस्टी. बाहेरचं एखादं माणूस घ्यावं असं मला वाटतं, पण थोरला भाऊ म्हणतो, "पैसा आपला, मग परक्याला कशाला बसवायचं?" चुलतभावाच्या मुलाची इंजिनिअरिंगची फी यातूनच भरूया, असंही घरात बोलणं चाललंय. आणि कोल्हापूरचे मामा म्हणतात, धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी करा. आमच्याकडे ती कुठं करायची?
– एक वाचक भगिनी, खानापूर तालुका

उत्तर : मामांचं आधी उरकते. धर्मादाय आयुक्त महाराष्ट्रात. आपला बेळगाव जिल्हाही आधी मुंबई राज्यात होता, पण 1956 साली तो म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, गेला. आज इथं ट्रस्ट डीड, म्हणजे ट्रस्टचा दस्त, सब-रजिस्ट्रारकडे नोंदवायचं, ट्रस्टच्या नावानं पॅन काढायचं आणि मग करसवलतीसाठी आयकर खात्याकडे नोंदणी करायची. तुमचे सी.ए. ते करून देतील.

आता भावाचं म्हणणं. ताई, डीडवर सही होऊन पैसे ट्रस्टच्या खात्यावर जमा झाले की ते तुमचे राहत नाहीत. आईचेसुद्धा नाहीत. तुम्ही चौघं त्या पैशांचे राखणदार. ट्रस्टीला त्यातून स्वतःचा फायदा करून घेता येत नाही, आणि आपला निर्णय दुसऱ्याच्या गळ्यात घालून मोकळंही होता येत नाही. कारभार बिघडला तर त्या ट्रस्टशी हितसंबंध असलेली कुणीही दोन माणसं कोर्टाच्या परवानगीनं दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 92 खाली दावा लावू शकतात. कोर्ट हिशेब मागू शकतं, ट्रस्टीला काढूही शकतं. भावाला हे सहीच्या आधी सांगा. नंतर कळलं तर त्यांना ते अपमानासारखं वाटेल, आणि तिथून घरात अबोला सुरू होतो. अशी घरं मी पाहिली आहेत.

चुलतभावाच्या मुलाची फी ट्रस्टमधून भरू नका. संस्थापक आई, आणि तो मुलगा त्यांच्या दिराचा नातू. आयकराच्या व्याख्येत संस्थापकाच्या नवऱ्याच्या भावाचे वंशजही नातेवाईकच धरतात. नातेवाइकाचा असा फायदा केला तर करसवलत धोक्यात येते. पोराला मदत जरूर करा, तिघांनी आपापल्या खिशातून करा.

आकडाही नीट बघा. 60 लाखांच्या ठेवीवर 7 टक्के व्याज धरलं तर वर्षाला 4 लाख 20 हजार येतात. त्यातले 85 टक्के, म्हणजे 3 लाख 57 हजार, साधारणपणे त्याच वर्षी धर्मादाय कामावर खर्च व्हायला हवेत. तुम्ही ते दुसऱ्या नोंदणीकृत ट्रस्टला देणगी म्हणून दिले तर लाखातले 85 हजारच खर्च म्हणून धरले जातात. मुलीची फी थेट तिच्या कॉलेजला भरलीत तर ही अडचण नाही. पण मग मुलगी कोणती, हे तुम्हालाच शोधावं लागतं, आणि बाहेरचा माणूस लागतो तो इथं.

मी एका घरच्या ट्रस्टवर बाहेरची म्हणून बसते. घरातले बहुतेक जण पुण्याला असतात. कणकुंबी-जांबोटी भागातल्या मुलींसाठी त्यांनी मोठ्या मायेनं योजना आखली : बसच्या पासाचे पैसे द्यायचे. आमच्यात त्याच भागात नोकरी केलेले एक निवृत्त मराठी शाळेचे गुरुजी आहेत. ते म्हणाले, "शक्ती योजना आल्यापासून, 2023 च्या जूनपासून, पोरींना सरकारी बस फुकटच आहे. संध्याकाळी फाट्यावर उतरल्यावर रानातनं घर गाठायचं, तेही पावसात, हा त्यांचा प्रश्न. म्हणून दहावी झाली की सायन्स नको म्हणतात." त्याच मिटिंगमध्ये ठराव बदलला. पासाचे पैसे गेले हॉस्टेलच्या डिपॉझिटला आणि मेसच्या बिलाला. पुण्याच्या भावांचं मन कमी नव्हतं, पण त्या फाट्यावर पावसात कुणी उभं राहिलं नव्हतं.

तेव्हा पाचवं माणूस असं घ्या, जे त्या गावांत राहिलंय आणि थोरल्या भावाला तोंडावर "हे नको" म्हणू शकतं. वजनदार पुढारी नको. त्यांना मिटिंगला वेळ नसतो, आणि गावाला मग ती मदत त्यांच्या गटाची वाटते. आशा कार्यकर्ती असेल, हायस्कूलच्या बाई असतील, चालेल. त्यांचा येण्याजाण्याचा खर्च ट्रस्टनं द्यावा, तो ठराव करून प्रोसिडिंग बुकात लिहावा. आणि त्यांना खरोखर मत असू द्या. नुसतं सहीला बोलवायचं असेल तर घेऊ नका, त्या माणसाचा वेळ जातो. निर्णय बहुमतानं की सगळ्यांच्या संमतीनं, किमान किती जण हजर हवेत, आणि ज्याच्या ओळखीतला अर्ज आहे त्या ट्रस्टीनं त्या वेळी बाजूला बसायचं, हे डीडमध्येच स्पष्ट लिहून घ्या.

डीड कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत होईल. सही करण्यापूर्वी कुणीतरी ते आईंना मराठीत ओळ न् ओळ सांगावं, घाई करू नये. पैसा त्यांच्या इच्छेनं जातोय, त्यांना न कळलेलं एकही कलम त्यात नको.

आणखी एक कलम बहुतेक घरं विसरतात : ट्रस्टी गेला किंवा त्यानं राजीनामा दिला तर नवा कोण नेमणार? सौंदत्ती तालुक्यातल्या शिरसंगीचे लिंगराज देसाई 1906 साली वारले. आपली इस्टेट त्यांनी शिक्षणासाठी ठेवली, बेळगावचं लिंगराज कॉलेज त्यांच्याच नावाचं. असा पैसा घरातल्या दोन-तीन पिढ्यांपेक्षा जास्त टिकू शकतो. तुमची मुलं उद्या बेंगळुरूला, पुण्याला असतील. म्हणून बाहेरच्या ट्रस्टीची जागा रिकामी झाली तर ती तीन महिन्यांत बाहेरचंच माणूस घेऊन भरायची, आणि ट्रस्ट कधी बंद झालाच तर शिल्लक तशाच कामाच्या दुसऱ्या नोंदणीकृत ट्रस्टला जाईल, वारसांना नाही, अशी दोन वाक्यं वकिलाकडून घालून घ्या. कच्चा मसुदा झाला की मला पाठवा, मी वाचून देईन.