फुकटचा खेळ, खिशाला कात्री

प्रश्न : सातवीतला मुलगा माझ्या फोनवर एक फुकटचा बंदुकांचा खेळ खेळतो. बँकेचा हिशेब बघितला तर दहा दिवसांत ४९९ रुपये आठ वेळा गेलेले, एकूण ३,९९२. शेवटची खरेदी कालची. परत मिळतील का? आणि पुन्हा असं होऊ नये म्हणून काय करू?
– एक आई, सुदामानगर, इंदूर

उत्तर : कालच्या खरेदीसाठी आजच बसा. गूगल प्लेकडे परतावा मागायची सोपी मुदत ४८ तासांची आहे. खरेदी ज्या खात्यावरून झाली त्याच खात्याने प्लेच्या संकेतस्थळावर शिरा, ऑर्डर हिस्टरी उघडा आणि त्या खरेदीपुढचं 'रिपोर्ट अ प्रॉब्लेम' दाबा. कारणांच्या यादीत घरातल्या माणसाने संमतीशिवाय खरेदी केल्याचा पर्याय असतो, तोच निवडा. प्रत्येक खरेदीचा अर्ज वेगळा करावा लागतो. जुन्या खरेद्यांसाठी खेळ बनवणाऱ्या कंपनीला ईमेल करा. पत्ता प्ले स्टोअरवर त्या खेळाच्या पानावरच सापडेल. 'जीपीए'ने सुरू होणारे ऑर्डर क्रमांक पावतीच्या ईमेलमध्ये असतात, ते सगळे लिहा आणि खेळणारा अल्पवयीन आहे हे पहिल्याच ओळीत सांगा. परतावा देणं कंपनीच्या मर्जीवर आहे, आणि दिला तर खेळातली नाणी, कपडे काढून घेतले जातात. मुलाला आधीच सांगून ठेवा, नाहीतर घरात वेगळंच महाभारत.

बँकेत 'अनोळखी माणसाने पैसे काढले' अशी तक्रार मात्र करू नका. ते खरं नाही, आणि अशा वादात गूगलचं खातंच अडकू शकतं.

पैसे गेले कसे? आपल्याकडे पिन किंवा ओटीपीशिवाय सहसा पैसे जात नाहीत. पण ओटीपी त्याच फोनवर येतो आणि पिन मुलाने शंभरदा पाहिलेला असतो. म्हणजे कुलूप-किल्ली एकाच खिशात. यूपीआय लाइट (छोट्या रकमांची सोय) चालू असेल तर पिनही लागत नाही.

म्हणून आधी यूपीआयचा पिन बदला आणि मुलाच्या हाती जाणाऱ्या फोनवर यूपीआय लाइट बंद करा. मग प्ले स्टोअर, प्रोफाइलचं चित्र, सेटिंग्ज, 'पर्चेस व्हेरिफिकेशन' असं जाऊन प्रत्येक खरेदीला पडताळणी लावा. त्यात बोटाचा ठसा चालतो, तेव्हा मुलाचा ठसा फोनमध्ये नोंदलेला नाही ना, ते बघा. बऱ्याच घरांत घोडं इथेच पेंड खातं. सर्वांत पक्का उपाय म्हणजे मुलाचं वेगळं खातं काढून फॅमिली लिंक या गूगलच्या पालकांसाठीच्या ॲपला जोडणं. मग खरेदीची परवानगी तुमच्या फोनवर मागितली जाते. फक्त एक अट : फॅमिली लिंकमधून दिसणारी मंजुरी गूगलच्या बिलिंगने होणाऱ्या खरेद्यांपुरती आहे. खेळाच्या बाहेरच्या संकेतस्थळावरून टॉप-अप केलं तर तिला पत्ताही लागत नाही.

आणि ४९९ पुन्हा पुन्हा का जातात, हेही मुलाबरोबर बसून बघा. समजा बंदुकीचा रंग ६०० नाण्यांना आहे, आणि पुड्या मिळतात ५०० किंवा १,२०० नाण्यांच्या. पाचशेची घेतली तर शंभर कमी पडतात, बाराशेची घेतली तर निम्मी उरतात आणि उरलेली पुढच्या खरेदीला ओढतात. हा हिशेब चुकून असा झालेला नाही. नाण्यांचा भाव कागदावर रुपयांत मांडायला लावा; आमच्या मते दटावण्यापेक्षा याचा उपयोग जास्त.

प्रश्न : एका खेळात पेटी उघडली की दुर्मीळ पात्र मिळण्याची शक्यता १ टक्का लिहिलेली आहे. मी शंभर पेट्या उघडल्या, काहीच नाही. ही फसवणूक नाही का?
– महाविद्यालयीन वाचक, राजेंद्रनगर, इंदूर

उत्तर : आकडा खरा असूनही असं होतं. प्रत्येक पेटी नव्याने १ टक्का. मागच्या ९९ पेट्यांची तिला आठवण नसते. शंभर पेट्यांत निदान एकदा मिळण्याची शक्यता सुमारे ६३ टक्के, म्हणजे तीनांतल्या एकाहून जास्त जण तुमच्यासारखेच रिकाम्या हाताने उठतात. ९० टक्के खात्री हवी तर २३० पेट्या. पेटी ५० रुपयांची धरली तर साडेअकरा हजार! काही खेळांत ठरावीक पेट्यांनंतर वस्तू हमखास मिळते. 'गेन्शिन इम्पॅक्ट'मध्ये ही हद्द ९० आहे, पण तिथेही हवं तेच पात्र मिळेल असं नाही. तेव्हा बजेट ठरवताना शक्यतेचा आकडा सोडा, हमीचा आकडा धरा. हमीच नसेल तर आम्ही तरी एक रुपया घालणार नाही. बेल्जियमने २०१८ मध्ये अशा विकतच्या पेट्या जुगारात मोजल्या, ते उगाच नाही.

प्रश्न : पीएस ५ हा सोनीचा गेम कन्सोल घ्यायचा आहे. डिस्कवाला की डिजिटल?
– एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : वर्षाला दोन-तीन मोठे खेळ पूर्ण करून विकून टाकणार असाल तर डिस्कवाला. डिजिटल खेळ विकता येत नाही, मित्राला हातउसना देता येत नाही, आणि दुकान एकच असल्याने भाव सोनीचा. २०२३ नंतरच्या सडपातळ डिजिटल मॉडेलला डिस्क ड्राइव्ह मागाहून जोडता येतो. जोडणीच्या वेळी इंटरनेट लागतं.

पण डिस्क म्हणजे मालकी असंही समजू नका. 'द क्रू' हा गाड्यांचा खेळ २०१४ चा. ३१ मार्च २०२४ ला त्याचे सर्व्हर बंद झाले आणि डिस्क कपाटात असूनही खेळ संपला. घेण्याआधी डब्यावर सततच्या इंटरनेटची अट वाचा.

प्रश्न : जुन्या पीएस ५ ची जागा भरली. कोणतीही एम.२ एसएसडी (साठवणुकीचं छोटं कार्ड) चालेल?
– एक वाचक, इंदूर

उत्तर : नाही. चौथ्या पिढीची एनव्हीएमई (एसएसडीची वेगवान जात) हवी, वाचनवेग सेकंदाला ५,५०० एमबी किंवा जास्त. साटा या जुन्या, हळू जातीची एम.२ दिसायला तशीच असते, पण चालत नाही. तिच्या कडेला बहुधा दोन खाचा असतात, एनव्हीएमईला एक. हीटसिंक (उष्णता ओढून घेणारी धातूची पट्टी) लागतोच, आणि त्यासकट एकूण जाडी ११.२५ मिमीच्या आत हवी. जाड हीटसिंक घेतला की झाकण बसत नाही.

यंत्र रेस्ट मोडमध्ये (अर्धवट झोपेत) न ठेवता पूर्ण बंद करा, वायरी काढा, निवू द्या. आतला स्पेसर (स्क्रूखालची छोटी चकती) एसएसडीच्या लांबीच्या भोकावर सरकवा, कार्ड तिरकं घालून दाबा आणि स्क्रू हलक्या हाताने आवळा. चालू केल्यावर यंत्र फॉरमॅट विचारेल. त्यात त्या एसएसडीवरचं सगळं पुसलं जातं, म्हणून कंप्युटरमधून काढलेली वापरत असाल तर आधी फोटो हलवा.