खाण्यापिण्याचे प्रश्न : एकट्याचं रामेन दुकान

प्रश्न : ताई, पर्वरीला आमच्या गल्लीत रामेनचं, म्हणजे सुपातल्या जपानी नूडल्सचं दुकान उघडलंय. एकच माणूस रांधतो, वाढतो, भांडीही घासतो. पार्सल देत नाही, मोठा घोळका आला तर थांबायला सांगतो आणि सूप संपलं की लवकरच दार लावतो. सासूबाई सोमवारी शिवराक, म्हणजे शाकाहारी. सगळ्यांनी मिळून जावं का?
– एक वाचक, पर्वरी

उत्तर : जरूर जा, पण दोघं-दोघं. सहा वाडगे एकदम मागितले, तर शेवटचा भरेपर्यंत पहिला वाया जातो. रामेनच्या पिठात कान्सुई असतं, म्हणजे सोडियम आणि पोटॅशियम कार्बोनेटचं क्षारपाणी. त्यानेच नूडल्सना पिवळसर रंग आणि चिवटपणा येतो. तरीही गरम सुपात थोडा वेळ राहिल्या की त्या फुगतात. पार्सल नाही ते यासाठी. वाडगा समोर आला की गप्पा बाजूला ठेवा आणि खुशाल भुरके मारा, जपानात तीच रीत आहे.

आता लवकर दार लावण्याचं. जपानच्या क्यूशू बेटावरच्या कुरुमे शहरातून आलेल्या तोनकोत्सु सुपासाठी डुकराची हाडं तास न् तास खदखदा उकळावी लागतात. आच मोठीच हवी, तेव्हाच चरबी आणि जिलेटिन पाण्यात एकजीव होऊन सूप दुधासारखं पांढरं होतं. एवढं काम एकट्याने संध्याकाळी पुन्हा कसं करायचं? पाणी घालून पुरवणाऱ्यापेक्षा दार लावणारा मला केव्हाही जवळचा वाटतो.

सासूबाईंसाठी मात्र नीट चौकशी करा. ‘भाज्यांचं रामेन’ म्हटलं तरी खाली सूप हाडांचं असू शकतं. वाडग्याच्या तळाशी जो खारट ‘तारे’ घालतात, त्यात बऱ्याचदा कात्सुओबुशी, म्हणजे धुरी देऊन सुकवलेला मासा असतो. कोंबू हे समुद्री शेवाळ आणि सुकी शिताके अळंबी यांचं सूप असेल, तारेतही मासा नसेल, तरच ते शाकाहारी. आणि सोमवारी त्या कांदा-लसूणही खात नसतील, तर त्यांना मंगळवारी न्या. हे सगळं दुकान उघडतानाच विचारा. गर्दीत त्याला बोलायला उसंत नसते.

तुम्ही स्वतः तोनकोत्सु घेतलंत, तर सूप संपवू नका. क्यूशूतल्याच हाकाताकडे उरलेल्या सुपात नूडल्सची आणखी एक जुडी मागून घेतात, तिला काएदामा म्हणतात. तो देतो का, ते पहिल्या नूडल्स संपत आल्या की विचारा.