सेमी इंग्लिशमधून दहावी, आता आयबी डिप्लोमा: सुट्टीत क्लास लावावा का?

तुम्ही विचारलंय की मुलगी सेमी इंग्लिशमधून एसएससी झाली, अकरावीपासून आयबी डिप्लोमाला, म्हणजे अकरावी-बारावीऐवजीच्या दोन वर्षांच्या आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमाला घालताय, तर मधल्या सुट्टीत फाउंडेशनचा क्लास लावावा का, आणि नाहीतर काय करून घ्यावं.

क्लास नका लावू. आणि "सेमीची पोरं तिथे टिकत नाहीत" असं कोणी तुमच्या डोक्यात भरवलं असेल, तर ते साफ चूक आहे.

हे वाक्य आमच्या घरी भर पंगतीत, माझ्या मुलीसमोर बोललं गेलंय. माझे मोठे दीर. त्यांची दोन्ही मुलं आयसीएसईची. "अगं, हिला नाही झेपायचं ते. निदान फिजिक्स-मॅथ्सचा क्लास तरी लाव, नाहीतर फी पाण्यात गेली समज." पोरगी मान खाली घालून वरणभात कालवत राहिली. मी तेव्हा वाद घातला नाही, पण क्लासही लावला नाही.

कारण त्या क्लासमध्ये काय करतात ते मी चौकशी करून आले होते. अकरावीचा पोर्शन आधीच उरकून देतात, बस. आयबीत मुलं पोर्शनमुळे अडकत नाहीत, लिहिण्यात अडकतात. सहा विषय, प्रत्येकाला ७ गुण, ते झाले ४२. वरचे ३ एक्स्टेंडेड एसे (स्वतः शोधून लिहायचा मोठा निबंध) आणि टीओके (थिअरी ऑफ नॉलेज, आपल्याला जे कळतं ते कशावरून कळतं याचा विषय) मिळून. एसे ४००० शब्दांपर्यंत, टीओकेचा निबंध १६०० पर्यंत, शिवाय जवळजवळ प्रत्येक विषयाचा आयए, म्हणजे शाळेत करून द्यायचं, गुण धरलं जाणारं काम. हे सगळं दुसऱ्या वर्षाच्या पहिल्या सहामाहीत एकदम अंगावर येतं. त्या वेळी सुट्टीत आधीच सोडवलेली न्यूटनची गणितं काहीही कामाला येत नाहीत.

माझ्या मुलीने एसेला इतिहास घेतला आणि विषय पानशेतचा पूर, धरण फुटून पुण्यात आलेला. सासूबाई तेव्हा नारायण पेठेत राहायच्या, त्यामुळे १२ जुलै १९६१ हा दिवस आमच्या घरात लहानपणापासून ऐकलेला. पहिला प्रश्न तिने काढला, "पुराचे पुण्यावर काय परिणाम झाले?" सुपरवायझर बाईंनी तो सरळ परत दिला. यावर पुस्तक होईल, निबंध होणार नाही, म्हणाल्या. महिनाभर घासून तो इथवर आला: पूरग्रस्तांच्या पुनर्वसनामुळे पुण्याची वस्ती पेठांच्या बाहेर कितपत सरकली? मग पूरग्रस्तांसाठी वसवलेलं गोखलेनगर, तिथली जुनी घरं, तिथल्या आज्या-आजोबांशी गप्पा. आणि ग्रंथालयात बसून जुन्या 'केसरी'च्या फायली. पिवळी पानं, बारीक टाइप. ती एकेक बातमी वहीत उतरवून घ्यायची, शेजारी तारीख आणि पान क्रमांक.

खरी मजा पुढे आली. आजीच्या आठवणीत पाणी एकदाच चढलं. पण पेपरात होतं की आधी पानशेतचं धरण फुटलं आणि नंतर त्याच दिवशी खडकवासल्याचं. दोन्हींचा मेळ बसेना. पोरगी आजीला पुन्हा पुन्हा विचारायची, आजी चिडायच्या, "मी तिथे होते की तुझा पेपर होता?" तिने हे दोन्ही निबंधात घेतलं आणि आठवणीवर कुठे आणि का विसंबायचं यावर एक आख्खा परिच्छेद लिहिला. शेवटच्या मुलाखतीत, ज्याला ते व्हायवा म्हणतात, तिला सगळ्यात जास्त त्याच परिच्छेदावर विचारलं.

आता सांगा, हे कोण करू शकलं असतं? तिच्या वर्गात उत्तम इंग्रजी बोलणारी मुलं होती, पण १९६१चं मराठी वर्तमानपत्र त्यातल्या बहुतेकांना वाचता आलं नसतं. सेमीच्या मुलीला आलं. निबंधाला ए मिळाला, एकूण ४५ पैकी ३९. दिरांना मी पेढे स्वतः नेऊन दिले आणि निबंधाची प्रतही दिली, अजून वाचली की नाही ते माहीत नाही.

तर सुट्टीत काय? तिला लिहायला लावा. आठवड्याला एक पान, इंग्रजीत, स्वतःचं मत आणि ते कशावरून बनलं हे सांगणारं. कुठून घेतलं ते खाली नोंदवायची सवय आत्ताच लावा. एसएससीला पाठ केलेलं उत्तर उतरवलं की गुण मिळतात, इथे दुसऱ्याचं वाक्य उगम न देता आलं तर डिप्लोमा हातचा जाऊ शकतो. पुण्यात आयए "बघून देतो" म्हणणारे भेटतील, त्यांना दारातूनच परत पाठवा. एसेच्या पूर्ण मसुद्यावर सुपरवायझरसुद्धा एकदाच शेरे देऊ शकतात, मग बाहेरचा माणूस कोण लागून गेला? आणि मराठी वाचन बंद करू नका, "आता इंग्रजीच बोल" हा धोशा तर मुळीच लावू नका.

विषय निवडताना मात्र डोळे उघडे ठेवा, हे मी खरं तर आधी सांगायला हवं होतं. भारतात इंजिनिअरिंगचा विचार असेल तर फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स तिन्ही पहिल्या दिवसापासून हवेत. परदेशात करायचं असेल तर मॅथ्स एए हायर लेव्हल (आयबीतलं वरच्या पातळीचं गणित) मागणारे कोर्स बरेच आहेत. मेडिकलची 'नीट' परीक्षा द्यायची असेल तर फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजी एकत्र नेहमीच्या मांडणीत बसत नाहीत, त्यामुळे फी भरण्याआधी शाळेकडून लेखी उत्तर घ्या. डॉक्टरच व्हायचं हे पक्कं असेल, तर माझ्या मते आयबीच्या वाटेला जाऊच नका. निकालही जुलैच्या सुरुवातीला लागतो, इथल्या प्रवेशांच्या तारखा त्याआधी बघून ठेवा.

मॅथ्स खरंच कच्चं असेल तर एखादे ओळखीचे सर आठवड्यातून दोनदा चालतील, त्याला माझी ना नाही. क्लासचे पैसे वाचतील त्यातून ग्राफिंग कॅल्क्युलेटर घ्या, तो लागतोच, आणि सुट्टीत त्यावर तिचा हात बसू दे.