कँडीच्या चवीचा चहा खरंच लहानपणीच्या गोळ्यांसारखा लागतो का, की नुसता वासाचा खेळ?

लागतो. आणि वासाचाच खेळ आहे. दोन्ही एकदम खरं असू शकतं, हे माझ्या थोरल्या भावाला आजवर पटलेलं नाही, म्हणून हे उत्तर जरा लांबणार आहे.

तुम्ही पुढे असंही विचारलंय की चहाची खरी आवड असलेल्या माणसाने यावर पैसे घालावेत का. घालावेत. लहान पाकीट घ्या, मोठं नको. पण ‘लहानपण आठवेल का’ याचं उत्तर पाकिटावर नसतं. तुमच्या घरात लहानपणी कोण सारखं आजारी पडायचं, यावर ते बरंच अवलंबून आहे.

दादा चहातला जाणकार आहे. पत्ती काट्यावर तोलून घेतो, पाण्यात थर्मामीटर बुडवतो, दूध-साखरेचं नाव काढलं तर त्याच्या कपाळाला आठी पडते. फ्लेवरवाल्या चहाला तो ‘अत्तर शिंपडलेला पाला’ म्हणतो. मला असले चहा आवडतात हे त्याला माहीत आहे, त्यामुळे घरात चार माणसं जमली की हा विषय निघतोच आणि मी हसण्यावारी न्यायचं असतं. एकदा मैत्रिणीने मला अशाच चहांच्या नमुन्यांचा डबा दिला. दादा आणि वहिनी आले होते. मी पाकिटं आत ठेवली, काहीही न सांगता चहा गाळला आणि कप पुढे केले.

पहिला होता काळ्या चहावरचा केळ्याच्या कँडीचा. मी घोट घेतला आणि थेट ती पिवळी कडक गोळी जिभेवर आली. जिच्या कडेने टाळू सोलवटायची, जिचा कागद कधीच पूर्ण निघायचा नाही आणि शेवटी कागदासकट चोखावी लागायची, ती. मला तर अगदी आमच्या जिन्याची पायरी दिसली, जिथे बसून मी ती खायची. मी दादाकडे पाहिलं. त्याने कप खाली ठेवला होता. म्हणाला, “हे औषध आहे.”

मला वाटलं, नेहमीचा शेरा. पण तो खरंच सांगत होता. त्याला लहानपणी घशाचा त्रास, टॉन्सिल सारखे सुजायचे. गोळ्या बंद. त्याच्या वाटणीला यायची ती पिवळ्या औषधाची बाटली: हलवायची, चमचा भरायचा, नाक दाबून गिळायचं. त्याच्या वाटच्या गोळ्या मी खाल्ल्या. घर तेच, वर्षं तीच, वासही तोच. मला जिना दिसला आणि त्याला आईच्या हातातला चमचा. वहिनीने कप हुंगला आणि म्हणाली, “मला तर नेलपॉलिश वाटतंय.”

आता गंमत अशी की तिघांचंही बरोबर होतं. केळ्याच्या गोळीचा वास मुख्यतः एकाच द्रव्याचा असतो, आयसोअमिल ॲसिटेट. पिकलेल्या केळ्यातही ते असतं. मुलांच्या औषधांचा कडूपणा झाकायला केळं, स्ट्रॉबेरी असले वास घालतात, त्यात ते येतं. त्याच कुळातली द्रव्यं नेलपॉलिशमध्ये विद्रावक म्हणून वापरतात. (मधमाशी डंख मारते तेव्हा बाकीच्या माश्यांना धोक्याची सूचना देणारा जो वास सोडते, त्यातलं मुख्य द्रव्यही हेच. या चहाचा कप घेऊन पोळ्याशेजारी बसू नका.)

वास नाकातून मेंदूत जातो तो आठवणी आणि भावना सांभाळणाऱ्या भागांच्या अगदी शेजारी पोचतो. नजरेला किंवा आवाजाला आधी जो टप्पा ओलांडावा लागतो तो याला लागत नाही. वासाने जाग्या होणाऱ्या आठवणी बहुतेक वेळा वयाच्या पहिल्या दहा वर्षांतल्या असतात, हेही तपासून पाहिलेलं आहे. त्यामुळे कोणता वास तुम्हाला प्रथम कुठे भेटला, यावर सगळं ठरतं. ज्यांना तो बाटलीत भेटला त्यांच्यासाठी या चहात लहानपण आहे, पण गोळी नाही. तुमचं तुम्हीच आठवून पाहा. हे दुकानदार सांगू शकणार नाही.

पण दादाचा मूळ आक्षेप होता ‘नकली’ हा. त्यावर मला बोलायचंय. आंब्याच्या वासाचा चहा नकली म्हणा, मी मान्य करीन. आंबा झाडावर असतो आणि तो डब्यात नसतो. कँडीच्या चहाला नकली कसं म्हणणार? गोळीतही फळ कधी नव्हतंच. लंडनमध्ये 1851 साली भरलेल्या महाप्रदर्शनात फळांचे कृत्रिम अर्क मांडले होते, त्यात नासपतीच्या वासाचं तेल होतं, आणि मिठाई बनवणारे ते तेव्हाच वापरत होते. ते तेल म्हणजे हेच ॲसिटेटचं कुळ. व्हॅनिलाचा वास देणारं व्हॅनिलिन 1874 मध्ये प्रयोगशाळेत तयार झालं. आपण लहानपणी चोखलेल्या गोळ्या म्हणजे साखर, आंबटपणासाठी आम्ल, रंग आणि असल्या बाटल्यांतले थेंब. चहावर शिंपडतात तेही तेच थेंब. म्हणजे कँडीचा चहा गोळीची नक्कल करत नाही, गोळीत जे होतं तेच त्यात आहे. फळाच्या नावाने विकल्या जाणाऱ्या कितीतरी चहांपेक्षा हा जास्त प्रामाणिक आहे.

आणि ‘शुद्ध चहा’ म्हणाल, तर दादाच्या कपाटात जास्मिनचा हिरवा चहा असतो. तो कसा करतात? मोगऱ्याच्या कळ्या संध्याकाळी पत्तीत मिसळतात, रात्री त्या उमलतात, पत्ती वास ओढून घेते, सकाळी फुलं काढून टाकतात, आणि चांगल्या प्रतीसाठी हेच पुन्हा पुन्हा, रात्रीमागून रात्री. अर्ल ग्रे म्हणजे काळ्या चहावर बर्गमॉट या लिंबाच्या भावकीतल्या फळाच्या सालीचं तेल. चहाची वाळलेली पत्ती कुठलाही वास पटकन ओढते, हा तिचा स्वभाव आहे. मसाल्याच्या डब्याशेजारी ठेवून पाहा. फुलाचा वास ओढला तर परंपरा आणि गोळीचा ओढला तर भ्रष्टाचार, हे मला समजत नाही. दादाला विचारलं की तो विषय बदलतो.

दुसरा कप होता ‘बुढ्ढी के बाल’चा, म्हणजे कॉटन कँडीचा. (त्याचं यंत्र 1897 मध्ये ज्या दोघांनी काढलं त्यांतला एक दातांचा डॉक्टर होता. पुढचं तुम्ही समजून घ्या.) इथे मात्र तुमचा ‘वासाचा खेळ’ उघडा पडतो. वास इतका गोड की तोंडाला पाणी सुटतं, आणि घोट घेतला की जिभेवर कडू, तुरट चहा. हा वास असतो इथिल माल्टॉल नावाच्या पदार्थाचा, जळत्या साखरेची आठवण देणारा. पण तो स्वतः गोड नाही. कुठलाच वास गोड नसतो. आपण तो आयुष्यभर साखरेसोबत घेत आलो म्हणून मेंदू त्याला गोड समजतो. खात्री करायची असेल तर नाक घट्ट दाबून एक जेलीची गोळी चावा: नुसतं गोड आणि आंबट लागेल, फळ कुठलं ते कळणार नाही. नाक सोडलं की फळ हजर. दादाने हा प्रयोग करायला नकार दिला.

म्हणून माझं स्पष्ट मत: कँडीच्या चहात साखर घाला. लाजू नका. बिनसाखरेचा कँडी चहा ही अर्धवट गोष्ट आहे, आणि ‘फ्लेवर आवडला नाही’ म्हणणाऱ्या निम्म्या लोकांनी तो बिनसाखरेचा प्यायलेला असतो. फार लागतही नाही. गोड वास असला की थोड्या साखरेचं पाणीही माणसाला जास्त गोड लागतं, तेव्हा कपाला अर्धा चमचा पुरे. मी दादाच्या कपात त्याच्यादेखत अर्धा चमचा घातला. त्याने तो कप वहिनीकडे सरकवला आणि तिने संपवला. वहिनीला या वादात काडीचा रस नाही, तिला चांगलं लागलं की ती पिते. घरात अशी एक व्यक्ती असावी.

साखरेइतकीच दुसरी गोष्ट म्हणजे आंबटपणा. फळांच्या गोळ्यांत सायट्रिक किंवा मॅलिक आम्ल असतं, त्याशिवाय त्या नुसत्या गोड गोट्या होतील. चहात ते नसतं. त्यामुळे फळाच्या कँडीचा चहा सपाट लागला तर लिंबाचे दोन थेंब पिळा. काळ्या चहाचा रंग फिका होईल, घाबरू नका. आंबट जेलीच्या नावाचे चहा बहुतेक जास्वंदीच्या जातीच्या लाल फुलांवर बेतलेले असतात, त्यांना लिंबू लागत नाही. त्यांत दूध मात्र घालू नका. वहिनीने घातलं आणि ते फाटलं.

भिजवण्याबद्दल: काळ्या चहाला तीन-चार मिनिटं, त्यापुढे तुरटपणा वास खाऊन टाकतो. हिरव्यावर बेतलेला असेल तर उकळतं पाणी नको, सत्तर-ऐंशी अंश. झाकण ठेवा, नाहीतर ज्या वासासाठी पैसे दिले तो स्वयंपाकघरात फिरेल. आणि माझा आवडता प्रकार: थंड पाण्यात पत्ती घालून रात्रभर फ्रिजमध्ये. कडूपणा फारच कमी उतरतो आणि गोळी स्पष्ट लागते. डबा घट्ट बंद करून वेगळा ठेवा. माझ्या हातून गेलेल्या एका पाकिटामुळे दादाचा एक महागडा चहा केळ्याचा झाला, असा त्याचा आरोप आहे. त्याचं झाकण ढिलं होतं.

कॅरमेलच्या चहाबद्दल फार लिहीत नाही. चांगला असतो, दुधासोबत आणखी चांगला, त्यात वादाला जागाच नाही.

एक गोष्ट मात्र कुठलाच चहा देऊ शकत नाही, तेवढी अपेक्षा ठेवू नका. गोळी तोंडात हळूहळू झिजते, तिला वेळ असतो, गालात सरकवून बोलता येतं. चहाचा घोट क्षणात गिळला जातो. म्हणजे तुम्हाला गोळीची सुरुवात मिळते, ती पुन्हा पुन्हा मिळते, पण उरलेली गोळी मिळत नाही. मला तेवढं चालतं.

आता राहिलेल्या सूचना. नावात कँडी आहे म्हणून मुलांना देऊ नका. काळा किंवा हिरवा चहा आत असेल तर कॅफीनही आहेच. मुलांसाठी रुईबोस (दक्षिण आफ्रिकेतल्या एका झुडपाचा, कॅफीन नसलेला ‘चहा’) किंवा नुसत्या फळा-फुलांचा बघा. पाकिटात कधी साखरेचे खडे असतात, मधुमेह असेल तर घटकांची यादी वाचा. आणि ‘साखर न घालताही गोड’ असं लिहिलं असेल तर आत बहुधा स्टीव्हिया नाहीतर ज्येष्ठमध असतं. ज्येष्ठमधातलं ग्लायसिरायझिन साखरेच्या पन्नासेक पट गोड असतं, गोडी उशिरा येते आणि घशात रेंगाळते. रोज भरपूर प्यायलं तर रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम घटतं. बीपीच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

हे मुद्दाम लिहितेय, कारण त्या डब्यातला दादाला आवडलेला एकच कप ज्येष्ठमधाच्या कँडीचा होता. “बघ, याला साखर लागत नाही,” असं तो मला ऐकवत होता आणि वहिनी शेजारी बसून त्याच्या बीपीच्या गोळ्यांची पट्टी शोधत होती. यादी वाचून दाखवल्यावर त्याने कप ठेवला, पण हार मानली नाही. ज्येष्ठमध ही वनस्पती आहे, फ्लेवर नाही, असं त्याचं म्हणणं. बर्गमॉट झाडालाच लागतं आणि मोगराही वनस्पतीच आहे, दादा.