एवढ्याशा गोष्टीवरून रडू येतं, माझं काही बिघडलंय का?

‘‘मॅडम, बाहेर लोक मरतायत आणि मी नवऱ्याच्या कीबोर्डच्या आवाजावरून रडतेय. माझं काही बिघडलंय का?’’

२०२० च्या जूनमधला, कोविडच्या लॉकडाऊनमधला, मला समुपदेशक म्हणून आलेला फोन. तिला आपण मीरा म्हणू. ओळख कळू नये म्हणून तपशील बदललेत. वय चाळिशीच्या आतबाहेर, दोन खोल्यांचं घर, ती आणि नवरा दोघांचंही काम घरूनच, नववीतल्या मुलाची शाळाही स्क्रीनवर. तिचा आवाज घुमत होता. विचारलं तर म्हणाली, ‘‘बाथरूममध्ये बसलेय. आतून कडी लावता येते अशी तेवढीच जागा आहे.’’

पहिल्या दिवशी मी चुकलेच. सवयीने सांगून टाकलं, रोज दहा मिनिटं शांत जागी बसून दीर्घ श्वास घ्या. पलीकडे क्षणभर काहीच नाही, मग तिला हसू फुटलं. ‘‘शांत जागा असती तर तुम्हाला फोन कशाला केला असता?’’ बरोबर होतं तिचं.

लॉकडाऊनच्या त्या महिन्यांत हा प्रश्न मला अनेकांनी विचारला, शब्द वेगवेगळे. आजारी नाही, नोकरी आहे, घरात सगळे सुखरूप आहेत, मग तक्रार करायला तोंड आहे का आपल्याला? शेजाऱ्याचा पाय मोडला म्हणून आपल्या पायातला काटा टोचायचा थांबत नाही, हे सगळ्यांना कळतं; पण ते स्वतःला लागू करायची वेळ आली की लाज आडवी येते. मीराचंही तेच. आधी आवाजाचा राग, मग राग आला म्हणून स्वतःचा राग. रडू येत होतं ते या दुसऱ्या रागाचं.

मी तिला ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकातल्या एका लेखाबद्दल सांगितलं. जागतिक आरोग्य संघटनेने ११ मार्च २०२० ला कोविडला महासाथ म्हटलं, त्याच सुमारास तो आला होता. सार्स, इबोला अशा आधीच्या साथींत ज्यांना वेगळं ठेवलं गेलं, त्यांच्यावरच्या २४ अभ्यासांचा तो आढावा. त्यात संसर्गाच्या भीतीच्या जोडीला कंटाळा, वैताग आणि चिडचिड यांचीही नोंद होती. ‘‘म्हणजे चिडचिड छापून आलीय?’’ तिने विचारलं. माझ्या दहा मिनिटांच्या समजुतीपेक्षा या छापील चिडचिडीनेच तिला जास्त धीर दिला.

मग एक वही करायला सांगितली. डाव्या पानावर ‘वैताग’, उजव्या पानावर ‘बरं वाटलं’. डावं पान दोन दिवसांत भरलं. ‘आवाज येतोय का?’ हे वाक्य दिवसभर तीन खोलगट आवाजांत ऐकणं. घासलेली भांडी तासाभरात पुन्हा सिंकमध्ये. व्हिडिओ कॉलवर आईचं फक्त कपाळ दिसणं. आज मंगळवार की गुरुवार, याचा घोळ. (हा घोळ माझाही व्हायचा. एरवी जागा बदलतात, माणसं बदलतात, त्या खुणांवर आठवण दिवस वेगळे ठेवते. एकाच खुर्चीत महिना काढला की सगळे दिवस एकमेकांना चिकटतात.)

उजवं पान तीन दिवस कोरं. चौथ्या दिवशी: ‘मुलाचे केस कापले. एका बाजूला फार गेले. दोघं जमिनीवर बसून हसलो.’ पुढे: ‘वीस मिनिटं इंटरनेट गेलं. छान वाटलं.’ आणि त्याखाली एक खोडलेली ओळ. काय होतं, विचारलं. नाइलाजाने म्हणाली, ‘‘बसचा प्रवास वाचला, असं लिहिलं होतं. लोकांच्या नोकऱ्या जातायत आणि मी प्रवास वाचला म्हणून खूश होतेय, बरं दिसत नाही.’’

त्याच तारखेला डाव्या पानावर होतं: ‘दिवसभरात एकटी अशी कधीच नसते.’

‘‘आधी कधी असायचात एकट्या?’’

बराच वेळ शांतता. मग अगदी हळू, ‘‘बसमध्ये.’’

जायला एक तास, यायला एक तास. अकरा वर्षं ज्या प्रवासाच्या नावाने बोटं मोडली, तोच तिचा बिनमालकीचा वेळ होता. त्या तासात ऑफिसातली बाई उतरायची आणि घरातली चढायची. आता त्या दोघी दिवसभर एकाच खुर्चीत दाटीवाटीने बसल्या होत्या, आणि बिल फाटत होतं बिचाऱ्या कीबोर्डच्या नावावर.

आवडीचं काही करायला आपण मन ताळ्यावर यायची वाट बघत बसतो. पीटर ल्युइनसोन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात उलट्या टोकाने सुरुवात केली: बरं वाटणाऱ्या छोट्या गोष्टी आधी ठरवून करा, मन मागून येतं. उदासीवरच्या उपचारात ही पद्धत आजही वापरतात. आम्ही तिच्यासाठी बस शोधली. इमारतीच्या गच्चीला कुलूप होतं, पण कुलपापुढची पायरी मोकळी होती. संध्याकाळी काम संपलं की खांद्याला ऑफिसची पर्स, कानात इयरफोन, अर्धा तास तिथे. कुणीही हाक मारायची नाही. नवऱ्याला हे सांगताना कीबोर्डचाही विषय निघाला. त्याने खाली घडी केलेला टॉवेल घातला. आवाज निम्म्यावर आला, टायपिंगचा आवेश तेवढाच राहिला.

इथे एक सांगायलाच हवं. उजवं पान दोन आठवडे कोरंच राहिलं असतं, झोप आणि भूक उडाली असती किंवा जगणं नको असं मनात येऊ लागलं असतं, तर मी वहीवर भागवलं नसतं. मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं असतं. आणि जीव द्यायचे विचार असतील तर दोन आठवडेही थांबायचं नाही, त्याच दिवशी मदत घ्यायची.

मीराचा शेवटचा फोन दीड महिन्याने आला. आवाज घुमत नव्हता. पायरीवरून बोलत होती. वैताग संपले का विचारलं, तर म्हणाली, ‘‘छे! आता मुलालाही पायरी हवी असते. त्याला पाचची वेळ दिलीय, तर साडेपाच झाले तरी उठत नाही. आजच वहीत लिहिलंय.’’

‘‘कुठल्या पानावर?’’

‘‘दोन्ही.’’