बोटावर गरगरणारं पिस्तूल

प्रश्न : लहानपणी मॅटिनीला पाहिलेले काउबॉय पिस्तूल बोटावर गरगरा फिरवून कमरेला खोचायचे. ही खरी कला, की कॅमेऱ्याची करामत? – एक निवृत्त शिक्षक, सातारा

उत्तर : गुरुजी, कला खरी, पण वाटते तितकी जुनी नाही. खऱ्या गुराख्यांच्या काळात सिनेमातल्यासारख्या समोरासमोरच्या लढती विरळाच. पिस्तूल फिरवण्याच्या जोडीचा खेळ म्हणजे ते झटकन उपसण्याचा ‘फास्ट ड्रॉ’. तो बहरला १९५०च्या दशकात, टीव्हीवरच्या वेस्टर्न मालिकांसोबत. कॅलिफोर्नियातल्या नॉट्स बेरी फार्म या करमणूक उद्यानात डी वूलम पर्यटकांच्या आगगाडीवर लुटुपुटूचा दरोडा घालायचा. फास्ट ड्रॉचा जनक म्हणून त्याचंच नाव घेतात.

माझा लाडका मात्र आर्व्हो ओयाला. त्यानं होल्स्टरच्या, म्हणजे कमरेच्या पिस्तूल-म्यानाच्या, चामड्यात धातूचं अस्तर घातलं. त्यामुळे चामडं रिव्हॉल्व्हरला घट्ट धरून बसेना, गोळ्या भरायचं चक्र आतल्या आतच फिरू लागलं आणि घोडा ओढतच हत्यार बाहेर काढता येऊ लागलं. हॉलिवूडच्या कितीतरी नटांना त्यानंच शिकवलं. आणि ‘गनस्मोक’ मालिकेच्या सुरुवातीला नायक असलेल्या मार्शलसमोर (तिकडचा पोलीस अधिकारी) उभा राहून दर आठवड्याला हरणारा इसमही तोच! गायक-नर्तक सॅमी डेव्हिस ज्युनियरही यात तरबेज होता. पायातला ताल बोटांत उतरला असावा.

आजच्या स्पर्धांत गोळ्या मेणाच्या असतात आणि दिवा लागला की हात हलतो. किलोभर वजनाचं ते लोखंड फिरवायचं, तर मनगट हवं. मी दिवाळीतल्या टिकल्यांच्या पिस्तुलावर प्रयोग केला. पिस्तूल निसटून थेट सौभाग्यवतींच्या कपबशीवर आदळलं.