जागा तुमची, वारा कुणाचा?

प्रश्न : महामार्गाला लागून आमची थोडी जमीन आहे. एक जाहिरात एजन्सी तिथे होर्डिंग उभारण्यासाठी दहा वर्षांचा करार करू पाहतेय. ‘खासगी जागा आहे, परवानगी लागत नाही, लागलीच तर आम्ही बघून घेऊ,’ असं त्यांचं म्हणणं. सही करावी का?

उत्तर : आत्ता नको. ‘बघून घेऊ’ हे तोंडी सांगतात, करारात लिहीत नाहीत.

होर्डिंगचे सांगाडे तपासण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. ‘जागा माझी, मग परवानगी कसली?’ हे वाक्य जवळपास प्रत्येक साइटवर ऐकलं. जागा तुमचीच, पण फलक ज्याच्यासाठी लावायचा तो माणूस रस्त्यावरून ताशी १०० किलोमीटरने चाललेला असतो. त्याची नजर दोन सेकंद हलली की गाडी ५५ मीटर पुढे गेलेली असते. म्हणून नियम कुंपणापाशी थांबत नाहीत. अमेरिकेने १९६५च्या कायद्यात प्रमुख महामार्गांच्या हद्दीपासून ६६० फुटांपर्यंतचे फलक नियंत्रणात आणले. तिथल्या व्हर्माँट राज्याने तर १९६८मध्ये होर्डिंगबंदीच केली. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याचं कलम ११६ आहे. वाहतुकीचं चिन्ह झाकणारा, चिन्हासारखाच दिसून फसवणारा किंवा चालकाचं लक्ष विचलित करणारा फलक काढण्याचा अधिकार त्याखाली पोलिसांना देता येतो.

तेव्हा आधी दोन ठिकाणी लेखी विचारा : रस्ता ज्यांच्या ताब्यात आहे त्यांच्याकडे आणि स्थानिक संस्थेकडे, म्हणजे ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेकडे. त्याआधी हद्दीची मोजणी करून घ्या. डांबर संपलं म्हणजे रस्ता संपला, असं नसतं. गटार, झाडांची रांग, पुढच्या रुंदीकरणासाठी राखलेली पट्टी हे सगळं रस्त्याचंच. खांब तुमच्या जमिनीत आणि फलकाची कड बाहेर, असेही प्रकार पाहिलेत.

आता वाऱ्याचं. लोक होर्डिंगच्या वजनाला घाबरतात, घाबरायचं असतं वाऱ्याला. १२ बाय ६ मीटरचा फलक घ्या. सेकंदाला ४० मीटर वेगाचा वारा समोरून आला की त्यावर साधारण सात टनांचा रेटा बसतो. वेग दुप्पट झाला तर रेटा चौपट. १३ मे २०२४ रोजी घाटकोपरला पेट्रोल पंपावर कोसळून १७ जणांचा जीव घेणारा फलक १२० बाय १२० फुटांचा होता. महापालिकेची मर्यादा ४० बाय ४०. म्हणजे क्षेत्रफळ नऊपट!

एकदा एका फलकाच्या परवानगीचं नूतनीकरण होतं. कागदावर सगळं चोख, रंगही ताजा. बेसप्लेटवरचा, म्हणजे खांब पायाला जोडणाऱ्या लोखंडी पाट्यावरचा, नट बोटाने फिरवून पाहिला, तर तो फिरला. चार बोल्टांपैकी एक खालून गंजून तुटलेला, वर ऑइलपेंटचा हात मारलेला. पाया उकरायला लावला, तर काँक्रीट नकाशातल्या खोलीच्या निम्म्यावरच संपलं. सांगाडा भक्कम असल्याचा इंजिनिअरचा दाखला मात्र फाइलला जोडलेला होता. दाखला देणारा साइटवर गेला होता का, हे मी विचारलं नाही. गरजच नव्हती.

म्हणून पायाचं काँक्रीट ओतताना तुमचा माणूस खड्ड्याशी उभा हवा, आणि खोलीचे टेप लावून काढलेले फोटो तुमच्याकडे.

करारात परवानग्या आणि त्यांचं नूतनीकरण, विमा, दर वर्षीची तपासणी एजन्सीकडे ठेवा. परवानगी हातात आल्याशिवाय खड्डाही खणायचा नाही, हे लिहून घ्या. मुदत संपल्यावर किंवा परवानगी रद्द झाल्यावर सांगाडा काढायचा खर्च कुणाचा, हेही लिहा. नाहीतर जाहिरात जाते आणि लोखंड तुमच्या गळ्यात राहतं.

‘फलक दुरून स्पष्ट दिसेल याची हमी जमीनमालकाची’ असं एक कलम मसुद्यात हमखास असतं. ते खोडा. दोन पावसाळ्यांत समोरची झाडं वाढतात, मग रात्रीत कुणीतरी बुंध्याला भोकं पाडून औषध ओततं आणि चौकशीला लोक तुमच्या दारी येतात. झाडं रस्त्याची आहेत, तुमची नाहीत.